भिंतीपलीकडची साठ पावलं

मी आयुष्यभर रस्ते काढले. कागदावर. चंद्रपूरच्या कडेनं गेल्या पंचवीस वर्षांत शेतं मोडून जे ले-आऊट पडले, त्यांतल्या बऱ्याच ले-आऊटचे नकाशे माझ्या टेबलावर तयार झाले. शेतकरी शेत विकायचा, ले-आऊटवाला ते घ्यायचा, मोजणी व्हायची आणि मग कागद माझ्याकडे यायचा. त्या शेतात जास्तीत जास्त प्लॉट बसवायचे, मधून नऊ मीटरचा रस्ता न्यायचा आणि जो कोपरा कुणी विकत घेणार नाही तो 'खुली जागा' म्हणून सोडायचा, हे माझं काम. शेताची हद्द आली की रस्ता संपला. हद्दीपलीकडे माझा कागद पांढरा असायचा. पलीकडच्या शेताचा नकाशा दुसराच कुणी काढायचा आणि त्याच्या कागदावर आमची बाजू पांढरी असायची. दोघांचे रस्ते एकमेकांना भेटतील की नाही, हे विचारणं दोघांच्याही कामात बसत नव्हतं.

असं हे शहर वाढलं. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला वीज केंद्र, तिसरीकडे जंगल. जिकडं फट मिळाली तिकडं ते सांडलं. आज हायवेनं बाहेर पडलात तर दोन्ही बाजूंना कमानीच कमानी दिसतील. प्रत्येक कमानीला देवाचं नाहीतर फुलाचं नाव, आत एक सरळ रस्ता आणि रस्त्याच्या शेवटी भिंत. शेजारच्या कमानीत जायचं असेल तर परत हायवेवर या, कोळशाच्या ट्रकांमधून वाट काढा, दुभाजक जिथं तुटला असेल तिथं वळा आणि मग आत शिरा. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. लोकांना तो करायला लावणाऱ्यांत मीही एक होतो, आणि त्याबद्दल माझी झोप कधी उडाली नव्हती. दुसऱ्याच्या पायांना काय होतं, ते आपल्याला कशाला कळेल?

माझं गाव शहराच्या याच अंगाला. आता त्याला गाव म्हणायचं ते सवयीनं. गावापासून इरई नदीपर्यंत एक पांदण जायची. दोन शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट, तिला आमच्याकडे पांदण म्हणतात. ती आधी काकांच्या शेताच्या कडेनं जायची, मग आमच्या. गुरं पाण्यावर जायची ती त्याच वाटेनं, बाया धुणं घेऊन जायच्या त्याही त्याच वाटेनं, आणि मेलेलं माणूसही त्याच वाटेनं घाटावर जायचं. आमच्या शेताच्या कोपऱ्यावर मोहाच्या झाडाखाली एक काळा चपटा दगड होता. तो गावाचा विसावा. तिथं तिरडी खाली टेकवायची आणि खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, पुढचे मागं, मागचे पुढं. आमच्याकडे बाया घाटावर जात नाहीत, पण विसाव्यापर्यंत चालत येतात. घरची बाई मयताच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब घालते, सगळ्या जणी हात जोडतात आणि तिथून माघारी फिरतात. गावातल्या बायांचा निरोप त्या दगडापाशीच व्हायचा. ज्या बाईला पोचवायला विसाव्यापर्यंत भरपूर बाया आल्या, ती चांगली जगली असं धरलं जायचं.

माझ्या लहानपणी त्या पांदणीतून समोरासमोरच्या दोन गाड्या निघायच्या. पण दरवर्षी नांगरताना वडील धुरा कोरायचे. धुरा म्हणजे शेताचा बांध. नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, पांदणीच्या बाजूला जास्तीचं घालायचं, हातभर जमीन वाढते, कुणाचं काही जात नाही. पलीकडचाही तेच करायचा. पांदण कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती, त्यामुळं तिच्या वतीनं भांडायला कुणी नव्हतं. मी स्वतः बैल धरून ते तास घातलं आहे. वडील धुऱ्यावर उभे राहून म्हणायचे, "अजून जरासा घे, बाबू." मी शिकायला शहरात जाईपर्यंत पांदणीत एक गाडीही अडकायला लागली होती. खांदेकरी अंग चोरून चालायचे. गावात सगळे कुरकुरायचे आणि सगळेच कोरायचे.

पुढं काका गेले, वडील गेले. आमचं शेत मी एका ले-आऊटवाल्याला विकलं, काकांचं शेत चुलत भावानं दुसऱ्याला. शेती परवडत नव्हती वगैरे मी सांगणार नाही. भाव चांगला आला म्हणून विकलं. आमच्या शेताचा नकाशा अर्थातच मी काढला. जागेवर वहिवाटीची वाट असेल तर ती तुटक रेषेनं दाखवायची, असा आमच्या कामाचा रिवाज. मी पेन्सिलनं दाखवली. नव्या रस्त्याच्या टोकापासून निघून, मोहाखालून, काकांच्या हद्दीपर्यंत.

ले-आऊटवाल्यानं तिच्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे भाऊ?"

"पांदण आहे."

"मोजणीत आली का?"

मोजणीत आली नव्हती. मोजणीत यावी एवढी ती उरलीच नव्हती, आम्ही बापलेकांनीच खाल्ली होती.

"मंग तुम्ही काऊन दाखवून राह्यले? एक पूर्ण प्लॉट जाते ना इथी."

मी खोडरबर घेतलं. अर्ध्या मिनिटाचं काम. जिथं तुटक रेष होती तिथं एक चौकोन पडला, आणि तो प्लॉट मीच घेतला. टोकाचा प्लॉट, समोरून रहदारी नाही, धूळ नाही, घर शांत. इतरांना पन्नासदा सांगितलेले फायदे मी स्वतःलाही सांगितले. कुंपणानंच शेत खाल्लं असं आपण दुसऱ्याबद्दल किती सहज म्हणतो.

घर बांधायला घेतलं तेव्हा मोह पाडला. गवंड्यानं दगड बाजूला काढला आणि म्हणाला, "साहेब, मस्त सपाट आहे, धुण्याले लावून देऊ का?" मी तो दगड ओळखला होता. माझ्या वडिलांची तिरडी त्याच्यापाशी टेकली होती, आणि पुढून मागं गेलेल्या खांदेकऱ्यांत मी होतो. तरी मी म्हटलं, लाव. त्याला काय सांगणार होतो? आणि बायकोला? की बाई, आपण विसाव्यावर घर बांधून राहिलो आहोत? महिनाभर ती त्या दगडावर कपडे आपटत होती.

मग माय गावातून आमच्याकडे राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारात उभी राहिली आणि दगडाकडे पाहत राहिली. नंतर तिनं बायकोच्या हातातलं धुणं घेतलं, बादलीत टाकलं, पदरानं दगड पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं ना?"

मी मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "जिथी होता तिथी ठेवून दे." मी दगड अंगणाच्या कोपऱ्यात, मोहाचं बुड होतं तिथं, परत ठेवला. त्यानंतर आमच्या घरात त्याच्यावर कुणी पाय दिला नाही.

पलीकडे, काकांच्या शेतात पडलेल्या ले-आऊटमध्ये, चुलत भावानं घर बांधलं होतं. काकू त्याच्याजवळ राहायची. माय आणि काकू दोघी पोंभुर्ण्याकडच्या, दोन वर्षांच्या अंतरानं एकाच घरात सून म्हणून आलेल्या. काकू मायला 'बाई' म्हणायची. चुलीवरून भांडल्या, एकमेकींची बाळंतपणं केली, मार्कंड्याच्या जत्रेला जोडीनं गेल्या. वाटणीच्या वेळी माझे वडील आणि काका तीन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. तेव्हा या दोघी रोज पांदणीत उभ्या राहून बोलायच्या, कारण पांदण दोघांपैकी कुणाच्याच वाटणीत आली नव्हती. दोघींचं एक ठरलेलं होतं. जी आधी जाईल तिला दुसरीनं विसाव्यावर पाणी घालायचं. हे त्या सांडगे घालता घालता बोलायच्या, उद्या भाजी काय करायची ते बोलावं तशा.

सुरुवातीला मध्ये काही नव्हतं. आमच्या मागच्या अंगणातून बाहेर पडलं की त्यांच्या ले-आऊटचा रस्ता सुरू व्हायचा, आणि तिसरं घर काकूचं. मायनं पावलं मोजली होती, साठ. दुपारी चारला चहा झाला की ती निघायची, नाहीतर काकू यायची. हातात झाकलेली वाटी असायची. लाखोळीच्या डाळीचे वडे, अंबाडीची भाजी, काहीतरी.

दोन-तीन वर्षांनी पलीकडच्या ले-आऊटवाल्याला वाटलं की चारी बाजूंनी भिंत असली तर प्लॉटला भाव येतो. आठ फुटांची भिंत आली, वर काचा लावल्या. ती आमच्या अंगणाला अगदी लागून आली. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. माझी मागची भिंत फुकटात झाली होती आणि डुकरं यायची बंद झाली होती.

माय म्हणाली, "अन् मी कुठून जाऊ?"

"मी सोडत जाईन ना ऑटोनं," मी म्हटलं.

चार-पाच वेळा सोडलंही. आमच्या कमानीतून बाहेर, हायवेला डावीकडे, ढाब्यापाशी वळण, मग उलटं येऊन गावाच्या फाट्यावरून आत, त्यांच्या कमानीत चौकीदाराच्या वहीत नाव, आणि मग पार शेवटपर्यंत. साठ पावलांचे साडेतीन किलोमीटर झाले. वळणावर कोळशाचा ट्रक आडवा आला की अर्धा तास तिथंच. मायचे गुडघे ऑटोत चढताना दुखायचे. मला कामं असायची. मग रविवारी जाऊ, मग पुढच्या रविवारी जाऊ, असं होत होत ते थांबलं.

पण त्या दोघी थांबल्या नाहीत. पावसाचं पाणी जायला भिंतीच्या बुडाशी एक चार इंची पाइप ठेवलेला होता. तो त्यांना कसा सापडला कोण जाणे. रोज चारला माय खलबत्त्यातला बत्ता घेऊन अंगणात जायची आणि भिंतीवर तीनदा ठोकायची. थोड्या वेळानं पलीकडून तीनदा आवाज यायचा. मग इकडे माय पाटावर, तिकडे काकू खुर्चीवरून उतरून जमिनीवर, आणि दोघी त्या पाइपाशी तोंड नेऊन तासभर बोलायच्या. सुपारीचं खांड काडीनं ढकलत पाठवायच्या. माझी बायको हसायची. मीही हसायचो. मी घरी पाहुण्यांना ते दाखवायचो, हे बघा आमचं टेलिफोन एक्स्चेंज. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

अशी पाच वर्षं गेली.

त्या दिवशी मे महिना होता. चंद्रपूरचा मे कसा असतो ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. चारला मायनं बत्ता ठोकला. पलीकडून आवाज आला नाही. तिनं परत ठोकला. मी आत कूलरसमोर बसून एक नकाशा तपासत होतो. साडेचारला ती आत आली.

"काकू आवाज देऊन नाई राह्यली."

"झोपली असन माय. ऊन किती आहे."

ती परत बाहेर गेली. ठक ठक ठक. थांबायची आणि पुन्हा. मी चुलत भावाला फोन लावला. तो गडचांदूरकडं सिमेंटच्या कारखान्यात ड्युटीवर, फोन उचलला नाही. त्याची बायको माहेरी गेलेली. पाचला माय दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता.

"बाबू, जाऊन पाहून ये ना."

मी घड्याळ पाहिलं. बाहेर पाहिलं. साडेतीन किलोमीटर, हायवे, ट्रक. "जरा ऊन उतरू दे, सहाले जातो," मी म्हटलं. ती वळली. पुन्हा अंगणात गेली आणि पुन्हा ठोकायला लागली. सहापर्यंत मी तो आवाज ऐकत होतो, आणि मला त्याचा राग येत होता. हे मी लिहून ठेवतो, कारण कुणाला तरी सांगायला हवं.

सव्वासहाला मी पोचलो तेव्हा काकू अंगणात नळापाशी पडलेली होती. तिची खुर्ची भिंतीपाशी घेऊन जायला तिनं बाहेर काढलेली होती. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, चारच्या सुमारास पडली असावी, जीव लगेच गेला नसावा. ते शेवटचं वाक्य डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं आणि मी ते मायला कधीच सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती साठ पावलं मोकळी असती तर माय पहिल्या ठोक्यानंतर दोन मिनिटांत तिथं असती. तिला माझ्या परवानगीची गरज पडली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले लोक मातीला आले. बाया थोड्याच होत्या, ज्यांची घरं त्या फाट्याला जवळ होती तेवढ्याच. तिरडी बांधली, उचलली, दाराबाहेर आणली. तेव्हा गावातले एक म्हातारे भाऊ म्हणाले, "विसावा कुठी कराचा?" हल्ली गावाचे विसावे हायवेवरच्या चहाच्या टपरीजवळ कुठंही होत होते. माय पुढं आली. रात्रभर ती मयतापाशी बसून होती, आवाज बसला होता.

"विसावा जिथी आहे तिथीच होईन. दगड माह्या अंगणात आहे. भिंत फोडा अन् इकडून न्या."

सगळे भिंतीकडे पाहायला लागले आणि मग माझ्याकडे. त्या ले-आऊटच्या सोसायटीचे अध्यक्ष तिथंच उभे होते, ते म्हणाले, "भिंतीले हात नाई लावता येत, परमिशन लागते." चुलत भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. भिंतीला लागून अंगण माझं होतं. माझ्या बाजूनं फोडा म्हणायला मला कुणाच्या परमिशनची गरज नव्हती. बायको माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मयत आपल्या घरातून?" आणि मला एक तोड सुचली. आयुष्यभर मी हेच केलं, जागेवरची अडचण उचलून कागदावर दुसरीकडं ठेवली.

"मी दगडच घेऊन येतो," मी म्हटलं.

ऐकायला ते सगळ्यांना बरं वाटलं. मी एक छोटा टेम्पो घेतला, दोन माणसं घेतली आणि निघालो. फाटा, हायवे, ढाबा, आमची कमान. अंगणातून दगड उपसायला तिघांना बळ लावावं लागलं. इतक्या वर्षांत तो जमिनीत बसला होता. त्याच्याखाली माती ओली होती. टेम्पोत चढवला, परत निघालो, आणि वळणावर कोळशाचा ट्रक बंद पडलेला. पाऊण तास मी त्या टेम्पोत विसाव्याचा दगड घेऊन उन्हात उभा होतो. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते.

मयत घराबाहेर काढलं की परत आत नेत नाहीत. तिथं सगळे ताटकळत होते. ऊन वाढत होतं. शेवटी मायनंच सांगितलं आणि त्यांनी तिरडी रस्त्याच्या टोकाला, भिंतीला लागून खाली टेकवली. मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा तिचं पाणी घालून झालं होतं, बायांचे हात जोडून झाले होते, खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या होत्या. वरातीमागून घोडं म्हणतात, मी मयतामागून विसावा आणला होता.

माय पाइपाच्या तोंडाशी बसली होती. तिनं टेम्पोतला दगड पाहिला.

"काऊन हालवला तू?" ती म्हणाली. "तिथीच होता ना तो. या भिंतीच्या तिकडून, हातभर दूर. मी इथी पाणी घातलं तर तिथी पोचलं असतं."

मयतासाठी आणलेला दगड घरात परत नेऊ नये, असं कुणी तरी म्हणालं. तो तिथंच रस्त्याच्या कडेला उतरवला. तिरडी फाट्यावरून हायवेनं घाटावर गेली. ट्रक जाईपर्यंत दोनदा थांबावं लागलं.

त्यानंतर माय बत्ता घेऊन अंगणात गेली नाही. दिवाळीपर्यंत ती काठीनं चालत होती, मग खाटेला लागली. पंधरा दिवस दवाखान्यात काढून तिला घरी आणलं तेव्हा तिची नजरही कमी झाली होती. डॉक्टरनं मला जे सांगायचं ते सांगितलं होतं. एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं.

"बाबू, माह्या वक्ताले बाया कुठून येतीन?"

"कोणत्या बाया?"

"गावच्या. मले पोचवाले. त्या म्हाताऱ्या बाया हायवेवरून येतीन का? एक नाई येणार." मग म्हणाली, "भिंत उघडून दे. मोठी नाई, एक बाई निघन एवढी."

मी हो म्हटलं. या वेळी मी ऊन उतरायची वाट पाहिली नाही. सोसायटीला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही. हातोडा आणि छिन्नी घेऊन अंगणात गेलो. माय आत खाटेवरून आवाज ऐकत होती. मी मुद्दाम जोरात ठोकत होतो, तिला कळावं म्हणून. पाइपाच्या वरपासून सुरुवात केली. तासाभरात वीतभर भोक पडलं, मग हातभर. मी विटा ओढून काढल्या आणि पलीकडं पाहायला वाकलो.

पलीकडं विटाच होत्या. वीज केंद्राच्या राखेच्या, करड्या, नव्या कोऱ्या. मी हात घालून पाहिला. भिंतीला चिकटून दुसरी भिंत.

मी स्कूटर काढली आणि साडेतीन किलोमीटर फिरून गेलो. काकूच्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरवाल्यानं रस्त्याचं टोक बंद करून तिथं टिनाच्या छपराची एक बुटकी खोली काढली होती. आम्ही दवाखान्यात होतो त्याच दिवसांत. भिंतीपेक्षा बुटकी, म्हणून माझ्याकडून दिसली नव्हती. खोली भाड्यानं दिली होती. रस्ता तिथं संपतोच, मग टोकाची जागा काय कामाची, असा त्याचा हिशेब असणार. थोडासा धुरा कोरला, कुणाचं काय गेलं? खोलीच्या दाराला एक पायरी होती. काळी, चपटी. एक बाई तिच्यावर बसून मटाराच्या शेंगा सोलत होती. मला पाहून ती म्हणाली, "कोण पाह्यजे भाऊ?"

मी म्हटलं, कुणी नाही. तो दगड कशाचा आहे ते मी तिला सांगू शकलो असतो. पण माझ्या बायकोनं त्याच्यावर कपडे धुतले होते आणि मी पाहत होतो. मी स्कूटर वळवली.

घरी आलो तेव्हा माय जागी होती.

"उघडली का?"

"हाव माय."

"दिसते का तिकडचं?"

"दिसते," मी म्हटलं. "काकूच्या घरापर्यंत दिसते."

तिनं डोळे मिटले. "मंग बरं झालं," ती म्हणाली.

ही गोष्ट माघातली. माय अजून आहे. अंगणातल्या भिंतीला ते भगदाड तसंच आहे, आणि त्यातून त्या करड्या विटा दिसतात. तिच्या खाटेवरून दिसत नाहीत. रोज चारच्या सुमाराला ती विचारते, त्या वाटेनं आज कोणी आलं होतं का. पहिल्यांदा मी नाही म्हटलं, तर ती दिवसभर जेवली नाही. तेव्हापासून मी हो म्हणतो. नावं घेतो, गावातल्या कोणत्या बाया, कुणाच्या हातात काय होतं, कुणाची सून बाळंत झाली, सगळं सांगतो. जागेवर नसलेले रस्ते मी आयुष्यभर कागदावर काढले, हा एक तोंडी काढतो.

काल तिनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "हाव, दोघी जणी आल्या होत्या. तू झोपली होती."

ती बराच वेळ भिंतीच्या बाजूला तोंड करून पडून होती. मग म्हणाली, "मंग उठवाचं ना मले."